ओळ सत्तेचाळीस

क्विनोआचं फूल इतकं बारीक
की भिंग लावल्यावरही आधी श्वास आवरावा लागतो.
चिमट्यानं पाच पुंकेसर काढायचे.
हात जरा हलला की सहावं निघतं ते बीजांडच,
मग ते फूल गेलं.
दुपारपर्यंत माझी अकरा फुलं होतात.
भेरूलाल बांधावरून म्हणतो,
एवढ्यात तर मी अख्ख्या प्लॉटचा बथुआ निंदला असता, मॅडम.

पहिल्या वर्षी त्यानं तो खरंच निंदला होता.
खंडवा रोडच्या आमच्या काळ्या मातीत
नोव्हेंबरात उगवलेल्या माझ्या बारा ओळी
मुळांसकट ढिगावर.
मी ओरडले. खूपच ओरडले.
मग ढीग उपसताना पाहिलं:
पान तेच, पानाखालची पांढरी पिठी तीच.
माझ्या आईनंही ही जुडी चाकवत म्हणून
ताकातल्या भाजीला घेतली असती,
आणि शेंगदाणे भिजत घातले असते.
चुलत घराणं आहे हे.
मध्ये समुद्र आला, एवढंच.

हिरवी आई, लाल बाप.
बी पेरायचं आणि वाट पाहायची:
रोपाचं देठ लाल निघालं तर संकर झाला,
हिरवं निघालं तर आईनं
कागदी पिशवीच्या आत स्वतःशीच लग्न लावलंय.
बहुतेक वेळा ती तेच करते.

कडूपणा दाण्याच्या सालीत असतो.
सहा पाण्यांनी धुवा, फेस येतच राहतो.
आमची परीक्षा साधी:
नळीत थोडे दाणे, थोडं पाणी,
अर्धा मिनिट हलवायचं,
आणि फेसाची उंची पट्टीनं मोजायची.
माझी आठ वर्षं वहीत मिलिमीटरमध्ये आहेत.

गोडवा अप्रभावी असतो.
म्हणजे तो आईकडूनही यावा लागतो आणि बापाकडूनही,
एकाकडूनच आला तर आत गप्प बसतो.
हे मी फळ्यावर शिकवते
आणि दर वर्षी एखादी मुलगी
वहीवरून मान न उचलता हसते.

सातव्या पिढीत, ओळ सत्तेचाळीस:
नळी हलवली, पाणी पाण्यासारखंच राहिलं.
पागेसरांचा विश्वास बसेना,
त्यांनी ती स्वतः हलवली, उजेडाकडे धरली,
आणि काहीच न बोलता चहा सांगितला.

मार्चमध्ये तुरे भरले, गुलाबी, जड.
भोपाळहून समिती येणार होती मंगळवारी.
रविवारी रंगपंचमी.
सगळं इंदूर राजवाड्याकडे गेरमध्ये,
भेरूलालही, डबा वाजवणारा त्याचा पोरगाही.
शेतात त्या दिवशी कोणीच नव्हतं,
म्हणजे माणसांपैकी.

सोमवारी सकाळी
सेहेचाळीस जशीच्या तशी उभी.
अठ्ठेचाळीसही.
मध्ये सत्तेचाळीसचे नुसते दांडे,
आणि एक पोपट, अजून,
एखाद्या लग्नात शेवटच्या पंगतीला राहिलेल्या
पाहुण्यासारखा.

आठ वर्षं मी जे काढत होते
ते झाडाचं कुलूप होतं,
हे पुस्तकात होतंच.
परीक्षेत मी त्यावर पूर्ण गुणही मिळवले होते.

भेरूलाल आला.
कानात, भुवयांत तोच तुऱ्यांचा गुलाबी.
बराच वेळ उभा राहिला, मग हळूच,
मला बरं वाटावं म्हणून असेल,
म्हणाला, मिट्ठूंनी पास केलं, मॅडम.

पिशव्यांखाली तीन तुरे वाचले होते.
एक्केचाळीस ग्रॅम.
ते फ्रीजमध्ये ठेवले.
वहीत एक नवा रकाना आखला: पक्षी.

दुपारी सेहेचाळीसचे दाणे धुतले.
ते कडू पाणी भेरूलालनं बादलीत मागून घेतलं
आणि हौदापाशी आपला सदरा त्यात बुचकळला.
फेस बादलीच्या काठावर आला,
मग बाहेर, गुलाबी,
भेगाळलेल्या काळ्या जमिनीत उतरत गेला.
पट्टी माझ्या खिशात होती.
मी ती काढली नाही.